विळी, सुरी आणि किसणी

मराठीत भाजी चिरतात आणि कापड कापतात. 'भाजी कापली' असे कोणी म्हटले तर जुन्या पिढीतील गृहिणींच्या कानाला ते अजूनही खटकते. आपल्या बडोद्यात शेजारची गुजराती गृहिणी शाक 'समारते', म्हणजे नीटनेटके करते. आणि तिकडे माळव्यात, इंदूरच्या बाजूस, सब्जी 'सुधारतात'. तिन्ही भाषांनी कापण्यातला कठोरपणा जणू सौम्य शब्दाआड झाकला आहे. पण मराठीची खरी श्रीमंती ह्याच्या पुढे आहे. आपण बटाट्याच्या फोडी करतो, केळ्याचे काप करतो, मुळ्याच्या चकत्या करतो, गाजर किसतो, नारळ खोवतो, काकडी चोचवतो, दुधी सोलतो, मिरची ठेचतो. ह्यांतील प्रत्येक क्रियापदामागे हाताची एक वेगळी हालचाल आहे, आणि बहुतेकांमागे एक वेगळे हत्यार आहे. दुकानात गेल्यावर 'हे एकच घ्या, सगळी कामे होतात' असे सांगणारा विक्रेता भेटतोच. त्याला आपल्या भाषेनेच उत्तर देऊन ठेवले आहे असे मला वाटते.

म्हणून साधन निवडण्यापूर्वी आपल्या घरात कोणती क्रिया जास्त घडते, हे आधी पाहावे. ज्या घरात रोज पालेभाजी व कोबी होते त्या घराची गरज एक. ज्या घरात उपासाचा कीस, गाजरहलवा आणि उन्हाळ्यातील वाळवणे होतात त्या घराची दुसरी. आणि गोमंतकात किंवा कोकणात ज्या घरी नारळाशिवाय दिवस जात नाही, त्यांची तिसरी.

आता, बारीक चिरल्याने नेमके काय होते? हे थोड्या गणिताने पाहू या. सहा सेंटिमीटर बाजू असलेला बटाट्याचा घन कल्पनेत घ्या. त्याचे पृष्ठफळ 216 चौरस सेंटिमीटर. त्याच्या दोन मिलिमीटर जाडीच्या 30 चकत्या केल्या, तर सर्व चकत्यांचे मिळून पृष्ठफळ 2304 चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे मूळच्या दहापटींहून अधिक. त्याच चकत्यांचा पुन्हा दोन मिलिमीटर रुंदीचा उभा कीस पाडला, तर 900 काड्या होतात आणि पृष्ठफळ 4392 चौरस सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे वीसपटीवर जाते. बटाटा तेवढाच, परंतु उष्णता, मीठ, तेल, हवा आणि पाणी ह्यांना शिरण्यास वीसपट दारे उघडली. कीस पाच मिनिटांत शिजतो तो ह्यामुळे, उन्हात लवकर वाळतो तोही ह्यामुळे, आणि हवेत ठेवला तर लवकर काळवंडतो तोही ह्याच कारणाने. भाजी आधी धुवावी आणि मग चिरावी, हा आजीचा आग्रहही ह्याच गणितात बसतो. चिरलेली भाजी धुतली की पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे त्या वीसपट दारांतून वाहून जातात.

दुसरी गोष्ट धारेची. एक किलोग्रॅम वजनाइतका जोर आपण पात्यावर दिला, आणि पात्याचा पाच सेंटिमीटर भाग भाजीला टेकला आहे असे समजा. बोथट पात्याची कड एक दशांश मिलिमीटर रुंद असेल, तर भाजीवर दर चौरस सेंटिमीटरला 20 किलोग्रॅम दाब पडतो. कड त्याच्या एक दशांश इतकी बारीक केली की त्याच जोराने दाब 200 किलोग्रॅम होतो. बोथट पाते घेऊन काम करणारा माणूस हा दहापट फरक आपल्या मनगटाने भरून काढू पाहतो. आणि जोर लावलेले पाते टोमॅटोच्या गुळगुळीत सालीवरून घसरले म्हणजे ते बोटावर येते. धारदार सुरीपेक्षा बोथट सुरी अधिक धोक्याची, हे विधान ऐकताना उलटे वाटते, पण ते खरे आहे.

कांद्याच्या बाबतीत तर धारेचा संबंध थेट डोळ्यांशी पोहोचतो. कांद्याच्या पेशीत गंधकयुक्त द्रव्य आणि त्याचे विघटन करणारे विकर हे वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पेशी फुटली की दोघांची गाठ पडते आणि डोळे चुरचुरविणारा वायू तयार होतो. ह्या क्रियेत आणखी एका स्वतंत्र विकराचा हात असतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी 2002 साली दाखवून दिले. बोथट पाते पेशी कापण्याऐवजी चेंगरते, त्यामुळे रस अधिक बाहेर पडतो. 2025 साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी कांदा चिरताना उडणाऱ्या सूक्ष्म थेंबांची अतिवेगवान छायाचित्रे घेतली, आणि धारदार पाते व सावकाश हात असल्यास थेंब कमी उडतात असे त्यांस आढळले. डोक्यावर कांद्याची साल ठेवण्याचे, तोंडात काडी धरण्याचे उपाय अनेक आहेत; त्यांपेक्षा पाते पाजळून घेणे बरे.

साधनांत पहिला मान विळीचा. ही केवळ महाराष्ट्राची नव्हे. बंगालात हिला बँटी म्हणतात, ओरिसात पनिकी, कर्नाटकात ईळिगेमणे, तामिळ प्रदेशात अरुवामणै, आंध्र-तेलंगणात कत्तिपीट. गोमंतकात ही आदोळी होते आणि मासळीही तिच्यावरच चिरली जाते. इतक्या दूरदूरच्या प्रांतांनी एकच साधन धरून ठेवले, त्याचे कारण उघड आहे. सुरीत पाते हलते आणि भाजी स्थिर असते. विळीत पाते स्थिर आणि भाजी हलते. पायाने पाट दाबून धरला की दोन्ही हात मोकळे. मेथीची अख्खी जुडी दोन मुठींत धरून पात्यावर लोटता येते, कोबीचा गड्डा फिरवीत फिरवीत त्याचा केसासारखा कीस पाडता येतो, आणि चिरलेले सारे आपोआप परातीत पडते. वेगळी फळी लागत नाही. शिवाय विळीचे पाते वाकडे असते, त्यामुळे भाजी नुसती दाबली जात नाही तर पात्यावरून सरकते. दाबण्याबरोबर सरकणे आले की कापण्यास जोर कमी लागतो. करवत केवळ दाबून लाकूड कापीत नाही, तसेच हे. आपल्या पूर्वजांनी हे पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वाचले नव्हते, पण लोहाराच्या हाताला ते ठाऊक होते.

मग विळी मागे का पडली? ती बोथट झाली म्हणून नव्हे. स्वयंपाकघर जमिनीवरून उठून ओट्यावर गेले म्हणून. विळीला बैठक लागते. मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून तासभर बसणे ज्यांना जमत होते, त्यांचेच गुडघे साठीनंतर कुरकुर करू लागतात. घरात अशी वडील माणसे असतील तर केवळ सवय म्हणून त्यांना जमिनीवर बसावयास लावणे हा प्रेमाचा भाग नव्हे. ओट्याच्या किंवा मेजाच्या कडेला पेचाने आवळून बसविता येणारी विळी हल्ली मिळते. तिच्यावर उभ्याने किंवा खुर्चीत बसून काम होते. मात्र ती घेताना पेच घट्ट बसतो का, आणि आपल्या ओट्याची कड तेवढी जाड आहे का, हे मोजून जावे. कडेवर ग्रॅनाइटची गोल पट्टी असेल तर पेच सरकतो.

पाटाची विळी घेताना पाट जड व रुंद पाहावा. हलका पाट पात्यावर जोर येताच मागच्या बाजूने उचलला जातो. घडीची विळी असेल तर पाते उभे करून आडवे हलवून पाहावे. बिजागरीत किंचितही खेळ असेल तर ती परत ठेवावी, कारण हा खेळ वापराने वाढतच जातो. घडी मिटल्यावर धार पूर्णपणे पाटात झाकली गेली पाहिजे. लहान मुले रांगतात त्या घरात हा एवढा एक गुण इतर सर्व गुणांच्या वर ठेवावा. पाटाची विळी वापरून झाली की आडवी करून भिंतीकडे धार करून ठेवावी. उभी विळी ओलांडू नये असा जो दंडक घरोघर होता, त्यात शुभाशुभापेक्षा पायाची काळजी अधिक होती.

आता पात्याच्या धातूकडे वळू. जुन्या विळीचे पाते साध्या पोलादाचे. त्याला धार उत्तम लागते आणि घरच्या घरी दगडावर ती पुन्हा आणता येते. पण ते गंजते आणि भाजी काळी करते. वांगे, कच्चे केळे, केळफूल, कैरी ह्यांत तुरट द्रव्ये असतात. लोखंडाशी त्यांचा संयोग झाला म्हणजे निळसर काळा रंग उत्पन्न होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून जुन्या काळी शाई करीत, तीच ही क्रिया. आपण वांग्यावर शाई करीत असतो इतकेच! त्याने अपाय होत नाही, पण भाजीचा रंग जातो. (वांगे पोलादी सुरीने चिरले तरी हळूहळू तपकिरी होतेच, ते हवेमुळे, म्हणून चिरताक्षणी पाण्यात टाकावयाचे.)

ह्या काळवंडण्यावर उपाय सापडला तो इंग्लंडातील शेफील्ड गावी. 1913 साली हॅरी ब्रिअर्ली हा धातुतज्ज्ञ बंदुकीच्या नळ्या झिजू नयेत म्हणून निरनिराळे पोलाद करून पाहत होता. सुमारे तेरा टक्के क्रोमियम असलेले एक पोलाद आम्लाने खाल्ले जात नाही असे त्याच्या ध्यानात आले. शेफील्ड हे सुऱ्या-कात्र्यांचे गाव. म्हणून नळ्यांपेक्षा सुऱ्यांकडे त्याचे लक्ष गेले. तेथील कारागिरांनी आरंभी नाके मुरडली, कारण ह्या पोलादाला नीट पाणी देणे त्यांना साधेना आणि सुऱ्यांना धार राहीना. पुढे ते साधले आणि आजचे स्टेनलेस स्टील घरोघर आले.

येथे एक व्यावहारिक गोष्ट सांगावयाची आहे, कारण तिच्यात पुष्कळ लोक फसतात. भांडी घेताना आपण खिशात चुंबक घेऊन जातो. चुंबक चिकटला नाही तर भांडे चांगले, असा आपला समज. भांड्यांपुरता तो बराचसा ठीक आहे, कारण भांड्यांच्या चांगल्या पोलादात क्रोमियमबरोबर निकेलही असते आणि ते चुंबकाला दाद देत नाही. परंतु ते पोलाद तापवून पाणी देऊन कठीण करता येत नाही, म्हणून ते धारेच्या कामाचे नाही. सुरीचे पोलाद निराळे. ते कठीण करता येते आणि त्याला चुंबक चिकटतो. तेव्हा सुरीला चुंबक चिकटला म्हणून ती हलकी समजून टाकून देणारा ग्राहक उलटाच न्याय करतो. न चिकटणाऱ्या स्टीलच्या बहुतेक स्वस्त सुऱ्या दोन महिन्यांत लोणी लावण्याच्या कामाच्या उरतात.

सुरी घेताना फार सुऱ्या घेऊ नयेत. पेटीत सजवून ठेवलेल्या सहा सुऱ्यांपैकी चार पेटीतच राहतात. कोबी, दुधी, कांदा ह्यांसाठी वीतभर पात्याची एक रुंद सुरी, आणि सोलणे-कोरणे ह्यांसाठी बोटभर पात्याची एक लहान सुरी, एवढ्यावर बहुतेक घर चालते. टोमॅटो आणि पाव ह्यांसाठी दातेरी सुरी असली तर सोय होते. तिची धार लवकर जात नाही, पण गेली की घरी आणता येत नाही. पात्याचा धातू मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला असावा आणि खिळ्यांनी पक्का असावा. मूठ ओल्या हाताने धरून पाहावी, असे मी म्हणेन. दुकानात पाणी नसेल तर निदान आपली मूठ तीत मावते का, बोटांची पेरे फळीवर आपटतात का, हे पाहावे. धार पाहण्यास बोट फिरवू नये. पात्याची कड दिव्याकडे धरावी. धारदार कडेवर प्रकाश चमकत नाही, कारण चमकण्याइतकी रुंदी तिला नसते; जेथे चमकते तेथे ती बोथट.

फळी लाकडाची किंवा प्लॅस्टिकची असावी. काचेच्या फळ्या दिसावयास सुंदर, पण धारेच्या शत्रू. ओट्याच्या ग्रॅनाइटवर थेट चिरणे त्याहून वाईट. फळीखाली ओले फडके अंथरले की ती सरकत नाही. सामिष स्वयंपाक करणाऱ्यांनी त्यासाठी फळी वेगळी ठेवावी. ओटा उंच की ठेंगणा हेही पाहावे. उभे राहून कोपर वाकविल्यावर हाताचा जो सपाट भाग येतो त्याहून फळी दहा-पंधरा सेंटिमीटर खाली असली म्हणजे खांदे भरून येत नाहीत. आईच्या उंचीचा ओटा उंच वाढलेल्या मुलाला पाठीत वाकवतो. त्याने जाड फळी घ्यावी. हो, मुलानेही चिरावयाचे आहे. त्यास सूट दिलेली नाही.

किसणी ही मला सर्वांत चतुर कल्पना वाटते. पत्र्याला भोक पाडताना त्याची एक कड वर उचलून ठेवावयाची. ती कड म्हणजेच पाते आणि भोक म्हणजेच कीस खाली पडण्याची वाट. एका पत्र्यावर अशी शे-दीडशे छोटी पाती. मात्र ह्यामुळेच किसणी चांगली की वाईट हे त्या उचललेल्या कडेवर ठरते. स्वस्त किसणीत कड नुसती दाबून फुगविलेली असते, कापलेली नसते. ती गाजर किसत नाही, खरवडते, आणि ताटात किसाऐवजी लगदा व पाणी जमते. घेताना भोकाची कड उजेडात पाहावी, पत्रा मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावा. तो लवला तर गाजराच्या जोराने चेपेल. चौकटीचा तार-जोड गुळगुळीत असावा. चार बाजूंची उभी किसणी ओट्यावर चांगली. बसून परातीत किसणाऱ्यास सपाट लांबट किसणी बरी पडते.

भोकाचा आकार पदार्थावरून ठरतो. गाजरहलव्याला आणि दुधीहलव्याला मोठे भोक, कारण बारीक कीस दुधात आटताना विरून जातो. आले, जायफळ ह्यांस अगदी बारीक. उपासाच्या बटाट्याच्या किसाला मोठे, आणि किसताच पाण्यात टाकून पिष्ट धुऊन काढलेले. नाहीतर कढईत गोळा होतो. इंदुरात भुट्ट्याचा कीस प्रसिद्ध आहे. कोवळे कणीस किसणीवर उभे घासले की दाण्यातला दुधाळ भाग खाली येतो आणि साल बरीचशी कणसालाच राहते. हे काम सुरीने होणार नाही. आपल्या बडोद्यात उन्हाळ्यात छुंद्यासाठी कैऱ्यांचे ढीग किसले जातात, आणि मराठी घरांत कैरी-कांद्याचा तक्कू होतो. दोन्हींसाठी किसणी स्टीलचीच हवी. लोखंडी पत्र्याने वर सांगितलेली शाई होते आणि आंबटपणाने पत्रा गंजतो तो वेगळा.

परंतु किसणीचा मोह आवरावयास हवा असे एक ठिकाण आहे, ते म्हणजे काकडी. खमंग काकडीसाठी काकडी चोचवतात. ती हातात उभी धरून सुरीने तिच्यावर भराभर बारीक चिरा पाडावयाच्या आणि मग आडवे काप सोडवून घ्यावयाचे. आळसाने तीच काकडी किसली तर पेशी चेंगरतात, पाणी सुटते आणि दाण्याचे कूट त्यात पोहू लागते. विद्यार्थ्यांनी हा प्रयोग अवश्य करावा. एकाच काकडीचे वजनाने दोन समान भाग करा. एक किसा, एक चोचवा. दोहोंस मोजून सारखे मीठ लावा, दहा मिनिटे गाळणीत ठेवा आणि खाली पडलेले पाणी मोजपात्रात मोजा. वहीत आकृती काढण्यापेक्षा पेशीभित्तिकेचे कार्य ह्याने लवकर समजेल, आणि प्रयोगाचे साहित्य नंतर खाता येईल.

किसणीच्या कुळातील एक नवे अपत्य सुताराच्या हत्यारपेटीतून आले. अमेरिकेतील एका कारखान्याने रासायनिक पद्धतीने पत्रा कोरून लाकूड घासण्याची अतिशय तीक्ष्ण कानस काढली होती. 1994 साली कॅनडातील ऑटावा येथे एका गृहिणीने केकसाठी संत्र्याची साल किसताना कंटाळून नवऱ्याच्या दुकानातील ती कानस उचलली, आणि साल हिमासारखी भुरभुरत खाली पडली. आज 'मायक्रोप्लेन' नावाने ती जगभर स्वयंपाकघरात वापरतात. लिंबाची साल, जायफळ, आले ह्यांस ती फार छान. खोबऱ्याच्या वाटीपुढे ती काही कामाची नाही.

सुताराचे आणखी एक हत्यार आपण रोज वापरतो. वेफर्सची पट्टी म्हणजे उलटा केलेला रंधाच होय. रंध्यात पाते लाकडावरून फिरते. पट्टीत बटाटा पात्यावरून फिरतो. ही कल्पना इतरांनाही सुचलेली आहे. जर्मन लोक आंबविलेल्या कोबीसाठी कोबी ज्या फळीवर चिरतात तिच्या नावाचा अर्थच 'कोबीचा रंधा' असा आहे. आणि जपानात वाळवून लाकडासारखा कठीण केलेला मासा पेटीवर बसविलेल्या रंध्याने तासतात. पट्टीचा मोठा गुण समान जाडी. हाताने केलेल्या कापांत एक दीड मिलिमीटरचा तर दुसरा तीनचा. तेलात पहिला जळतो तोवर दुसरा मऊच राहतो. जाडी कमीजास्त करण्याचा पेच असलेली पट्टी घ्यावी, आणि तो पेच बसविलेल्या जागी घट्ट राहतो का हे पाहावे.

मात्र आमच्या मते घरातील सर्वांत घातक हत्यार हेच. सुरी बोट कापते; पट्टी बोटाचा काप काढते. हात लयीत चालू असतो, बटाटा लहान होत जातो आणि मन दुसरीकडे असते. पट्टीबरोबर भाजी खोचून धरण्याची जी टोपी मिळते, ती पहिल्या दिवशीच अडगळीत जाते. ती मिळत नसेल तर पट्टी घेऊच नये आणि असेल तर वापरल्याशिवाय राहू नये. शेवटचा अंगठ्याएवढा तुकडा पट्टीवर किंवा किसणीवर संपविण्याचा हट्ट सोडावा. तो भाजीत टाकावा किंवा खाऊन टाकावा. सुरीने चिरताना भाजी धरलेल्या हाताची बोटे आत वळवून, पेरे पात्याकडे ठेवावीत, म्हणजे टोके मागे सुरक्षित राहतात.

कापलेच, तर वाहत्या पाण्याखाली धरून स्वच्छ फडक्याने दहा मिनिटे सतत दाबावे आणि हात छातीच्या वर ठेवावा. मध्येमध्ये उघडून पाहू नये. धरलेली गुठळी सुटते. हळद, चहापूड, कॉफी ह्यांचे प्रयोग नकोत. रक्त थांबेना, बोट वाकेना किंवा टोक बधिर झाले तर डॉक्टरांकडे जावे, आणि गंजलेल्या पात्याने कापले असो वा नव्या, धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती हे त्यांना सांगावे.

नारळाचे काम मात्र ह्यांपैकी कशानेच होत नाही. करवंटीतील ओला नारळ किसणीवर घासता येत नाही, कारण ती वाटी आतून गोल आणि किसणी सपाट. खोवणीचे दातेरी गोल टोक वाटीच्या पोटात शिरते. विळीच्या टोकालाच खोवणी असली की दोन हत्यारांची एक जागा होते. दाते एकसारखे व टोकदार असावेत. फार लांब दाते करवंटीची तपकिरी पाठ खरवडून आणतात आणि सोलकढीचा रंग बिघडवतात. वर्षातून एकदा मोदकांपुरता नारळ आणणाऱ्या घरांनी निराळे यंत्र घेण्याचे कारण नाही.

आता दांडा फिरवून किसणारी नळकांडी, दोरी ओढून चिरणारे डबे आणि विजेची यंत्रे. दोरीचा डबा कांदा-मिरची भराभर बारीक करतो खरा, पण तो चिरत नाही, आपटून तुकडे करतो. थोडे अधिक ओढले की कांद्याला पाणी सुटते. विजेवर काप व कीस करणाऱ्या चकत्यांचे घरगुती यंत्र 1973 साली अमेरिकेत 'क्विझिनार्ट' ह्या नावाने लोकप्रिय होऊ लागले. आज तसली यंत्रे आपल्याकडेही मिळतात. लग्नघरी, किंवा तीन किलो गाजरे किसावयाची असता, ते खरोखर उपकार करते. दोन माणसांच्या घरी एक काकडी चिरण्यासाठी ते काढावे, जोडावे, सोडवावे, धुवावे आणि पुसावे, ह्यात काकडीला लाज वाटावी. वेळ मोजताना धुण्याचा वेळ धरावयाचा, एवढे लक्षात ठेवावे. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात तो कधीच दिसत नाही. संधिवाताने बोटे आखडलेल्या माणसाला मात्र हा हिशेब लागू नाही. त्यांना यंत्रामुळे स्वतःच्या हाताने स्वयंपाक करता येतो.

डावखुऱ्या मुलांचा विचार घरी क्वचितच होतो. विळीचे पाते दोन्ही बाजूंनी पाजळलेले असेल तर ती त्यांना अडचण करीत नाही. पण एकाच बाजूने धार काढलेली सोलाणी किंवा सुरी डाव्या हातात घेतली की पाते आडवे पळते, आणि मुलालाच वेंधळे ठरविले जाते. दोन्ही बाजूंनी धार असलेली सोलाणी सर्वत्र मिळते.

धार टिकविण्यास फारसे काही लागत नाही. गल्लीत सायकलवर चाक फिरवीत धार लावणारा आला तर विळी व मोठी सुरी त्याच्याकडून पाजळून घ्यावी. मात्र चाकावरून ठिणग्या फार उडू लागल्या व पाते निळे पडले तर त्याचे पाणी उतरले असे समजावे, म्हणून सावकाश व पाणी लावीत काम करावयास सांगावे. मधल्या काळात चिनी मातीच्या कपाच्या बुडाशी जी खरखरीत, न चकाकणारी गोल कड असते, तिच्यावर सुरी दोन्ही बाजूंनी तिरपी दहा-दहा वेळा ओढली तरी आठवडाभराची सोय होते. साध्या पोलादाचे पाते धुऊन लगेच कोरडे करून तेलाचे बोट फिरवून ठेवावे. किसणीची धार घरी येत नाही. ती झिजली की बदलणेच बरे. धुताना मात्र ती वाळू देऊ नये, कारण बटाट्याचे पिष्ट भोकांत वाळले की खळीसारखे धरते. लगेच पाण्याखाली धरून मागच्या बाजूने ब्रशने घासावी, म्हणजे घासणीचे धागेही अडकत नाहीत आणि बोटेही वाचतात.

अकरावी-बारावीनंतर पुण्या-मुंबईस वसतिगृहात किंवा भाड्याच्या खोलीत राहावयास जाणाऱ्या मुलामुलींच्या पेटीत आई लाडू घालतेच. त्याबरोबर म्यान असलेली एक मध्यम सुरी, एक हलकी फळी, दोन्ही बाजूंनी धारेची सोलाणी आणि एक सपाट किसणी द्यावी. आणि निघण्यापूर्वी महिनाभर रोज एक भाजी त्यांच्याकडून चिरून घ्यावी.